तिला विचारलं होतंत का, सर?

सर, तुम्ही गेलात आणि आपलं भांडण तसंच राहिलं. हे काही बरं केलं नाहीत.

सोमवारी बाररूममध्ये शोकसभा झाली. तुमचा फोटो लावला होता, कुठल्या तरी सत्कारातला. गळ्यात हार आणि चेहऱ्यावर ‘यातून कधी सुटतोय’ असा भाव. एकेक जण उठून बोलत होता. दीनदुबळ्यांचे कैवारी. गोरगरिबांचे आधारवड. अनाथांचे नाथ. मी मागच्या बाकावर ओठ चावत बसले होते. तुम्ही असतात तर लाल पेन काढून एकेक शब्द कापत सुटला असतात. मग मला बोलायला सांगितलं. उभी राहिले, तोंड उघडलं. ‘मला नाही जमणार’ एवढंच म्हटलं आणि खाली बसले. कोर्टात जिचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत जातो तिची ही गत. बाजूचे ज्युनियर एकमेकांकडं बघायला लागले. बघू देत. तिथं राहिलं ते इथं कागदावर बोलते. इथं मला मध्येच कोणी थांबवणार नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही.

मी गडहिंग्लजची. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि वडील चिडले की दोन्ही. आमची धान्याची अडत होती. पोरगी वकील झाली तर दुकानाचे दावे घरच्या घरी निघतील, एवढा साधा विचार करून वडिलांनी मला कोल्हापूरला कायदा शिकायला धाडलं. सकाळचे वर्ग, पोरांचा नुसता गलका आणि त्यात आम्ही इनमिन चार पोरी. तुम्ही वर्गात आलात ते सायकलच्या हँडलला अडकवलेला काळा कोट झटकतच. आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणालात. ‘काय ओ गडहिंग्लजकर, रविवारी काय करता?’ मी म्हटलं, केस धुते. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. ‘केस धुऊन या मग,’ म्हणालात.

पेठेतल्या तालमीच्या वरची ती खोली. खाली पैलवान धपाधप पडायचे, लाल मातीचा आणि तेलाचा वास जिन्यानं वर यायचा, आणि वर आपलं रविवारचं फुकट सल्ला केंद्र. खालचे वस्ताद दारात बसलेले असायचे. कोणी बुजत बुजत चौकशी करायला आलं की ते जिन्याकडं बोट दाखवायचे, ‘वर जावा पावणं. वकील हायत. पैसं घेत न्हाईत, पर डोस्कं लई खात्यात.’ डोकं खायचं म्हणजे विचारायचं. परत परत विचारायचं. नव्या पोरानं पहिले काही रविवार माठाशेजारी बसायचं, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं आणि ऐकायचं. एक अक्षर बोलायचं नाही. मी गप्प बसलेय हे माझ्या आईनं बघितलं असतं तर ती तुम्हाला विचारायला आली असती, हिचं तोंड कसं बंद केलंत म्हणून.

मलकापूरचा दिनकर माझ्याच वर्गातला. हुशार, पण आळशी. एकदा त्यानं कोणाचा तरी अर्ज कसाबसा खरडला. तुम्ही विचारलंत तर म्हणाला, ‘फुकटचंच काम हाय की सर.’ बापरे! तुम्ही तो कागद टराटरा फाडलात. ‘पैसे देणाऱ्याचं काम बिघडलं तर तो दुसऱ्या वकिलाकडं जाईल. हा माणूस कुठं जाईल? खाली आखाड्यात?’ खालच्या पैलवानांनीसुद्धा झोंबायचं थांबवलं असणार, असा आवाज होता तुमचा. दिनकर आज शाहूवाडीकडं मोठा वकील आहे. शोकसभेत माझ्याशेजारीच बसला होता. नाक पुसत होता आणि सर्दी झालीय म्हणत होता.

आता मुद्द्यावर येते. आपलं भांडण कशावरून, ते लोकांना कळायला पाहिजे.

शांतव्वा केंद्रावर आली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. डोक्यावर पदर, हाताच्या बोटांना सुतानं पडलेल्या बारीक चिरा. नवरा तापात गेलेला. दिवसकार्य उरकलं आणि दिरांनी हिला घराबाहेर काढलं, पोरीला मात्र ठेवून घेतलं. पोरगी सुवर्णा, सहा-सात वर्षांची. सासर आमच्याच तालुक्यातलं, राज्याच्या हद्दीजवळचं. शांतव्वा इचलकरंजीला बहिणीकडं गेली आणि मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायची, लांबून पोरगी बघायची आणि परत यायची. जवळ गेलं की दीर अंगावर यायचे. तुमच्यापुढं बसून ती एकच बोलली, ‘नन्न मगळु री. माझी पोरगी हाय ओ ती. मला पायजे.’ मी कानडी समजणारी, म्हणून मला तिच्या शेजारी बसवलंत. ती बोलत होती आणि माझे कान तापत होते.

तुम्ही म्हणालात, बाप गेल्यावर आईच पालक. कायदा सरळ आहे. ताब्याचा अर्ज करू.

तो अर्ज तुम्ही स्वतः लिहिलात. तुमचं मराठी म्हणजे काय, जिल्हा कोर्टात कारकूनसुद्धा तुमचे अर्ज मोठ्यानं वाचायचे. मला ते वाक्य अजून पाठ आहे. ‘अर्जदार ही निराधार व असहाय विधवा असून तिला या जगात कोणाचाही आसरा उरलेला नाही.’ नक्कल करताना दिनकरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हे वाचून कुठला न्यायाधीश पोर देणार नाही? तुम्ही शांतव्वाला सगळा अर्ज वाचून दाखवलात, ती मान हलवत राहिली. खाली अंगठा उमटवला आणि आम्ही खूश.

कोर्टात समोरचे वकील उठले ते साखर पेरतच. मला वाटलेलं आरडाओरडा करतील. छे. ‘बाई, राहता कुठं?’ इचलकरंजीत, भणीकडं. ‘बहीण चांगली वागवते?’ व्हय की, लई मायेची हाय. ‘काम?’ कांड्या भरतो. ‘मालक पगार देतो वेळेवर?’ देतो की. मग त्यांनी आपला अर्ज हातात घेतला आणि तुमचं ते वाक्य अगदी सुरात वाचून दाखवलं. ‘म्हणजे तुम्ही निराधार आहात. तुम्हाला जगात कोणी नाही. बरोबर?’

शांतव्वानं पिंजऱ्याचा कठडा धरला. ‘कोन निराधार? मी? माझी भण हाय, काम हाय, हे दोन हात हाईत. मला निराधार कुनी म्हटलं?’

‘तुमच्या वकिलांनी.’

सगळं कोर्ट खो खो हसलं. समोरचे वकील मात्र हसले नाहीत. न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, ‘साहेब, अर्ज खोटा की साक्ष खोटी, एवढंच त्यांनी सांगावं. आणि अर्ज खरा असेल, तर निराधार बाईच्या हाती देऊन त्या पोरीलाही निराधार करायचं का? तिथं आजी आहे, घर आहे, गोठ्यात म्हैस आहे.’ वेळ संपली होती. पुढची तारीख पडली. शांतव्वा खाली उतरली आणि मला एवढंच म्हणाली, ‘अक्का, माझं काय चुकलं काय?’ मी तिला बाकावर बसवलं. माझी तर पाचावर धारण बसली होती. पोरगी हातची चालली, हे दिसतच होतं.

मधल्या दिवसांत आम्ही पोरांनी तालमीवर काय काय डोकी लढवली! दिनकर म्हणाला, निराधार म्हणजे नवरा नसलेली, असा अर्थ सांगू. कायद्यात तसा अर्थ घेतात. मी म्हटलं, ती घाबरली होती, भलतंच बोलली असं म्हणू. वाईट नव्हता तो उपाय, सर. आजही सांगते. रोज कोर्टात यापेक्षा पातळ कारणं चालतात. तुम्ही खिडकीशी उभे होतात आणि आमच्या एकाही बोलण्याला हूं की चूं केलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला लाज वाटतेय. मोठा माणूस चुकला की असाच तोंड फिरवून उभा राहतो, असंही मनात आलं.

आणि मग ती तारीख. तुम्ही उभे राहिलात. कोट नेहमीसारखाच चुरगळलेला. म्हणालात, ‘साहेब, मागच्या वेळी प्रश्न मला विचारला होता, म्हणून उत्तर मी देतो. साक्ष खरी आहे. तो शब्द माझा आहे. बाईंच्या तोंडून तो कधी आला नाही. अर्ज मी लिहिला, मीच वाचून दाखवला, पण त्यांना समजेल असा वाचला नाही. मला वाटलं, दया आली की न्याय मिळेल. चूक माझी. मला दुरुस्तीची परवानगी द्यावी आणि बाईंना त्यांच्या भाषेत बोलू द्यावं.’

अहो, वकिलानं भर कोर्टात आपला अर्ज चुकला म्हणायचं? ज्यांची नावं घेऊन आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढायचो, त्या मोठमोठ्या वकिलांनासुद्धा मी असं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि पुढंही कधी ऐकलं नाही. कोणी पक्षकारावर ढकलतं, कोणी कारकुनावर, कोणी टंकलेखकावर. तुम्ही ती चूक आपली छत्री उचलावी तशी उचललीत आणि हातात धरून उभे राहिलात. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय.

न्यायाधीश बाहेरचे, आमच्या बोलीची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विचारलं, भाषा कोणती? तुम्ही म्हणालात, ‘हद्दीवरची साहेब. अर्धी मराठी, अर्धी कानडी.’ आणि मागं वळून माझ्याकडं बघितलंत. दुभाषी म्हणून मला शपथ दिली. जाता जाता तुम्ही हळू आवाजात म्हणालात, ‘गडहिंग्लजकर, तिचं तेवढंच. तुमचं काही नको.’

शांतव्वा बोलायला लागली. दिवसपाळी कशी मागून घेतली ते. बहिणीची पोरं ज्या शाळेत जातात ती शाळा घराच्या मागंच, ते. सुवर्णाला दूध-भाकरी कुस्करून लागते, वरून मीठ लागतं, कोरडी भाकरी ती मांजराला घालते, ते. अंधारात झोपत नाही, म्हणून दिवा बारीक करून ठेवायचा, ते. कुठंही रड नाही. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. न्यायाधीश लिहीत गेले. माझा धीर वाढला. वाटलं, जिंकतोय की आपण!

तेवढ्यात समोरच्या वकिलांनी तो प्रश्न टाकला. ‘तरण्या आहात. दुसरं लग्न करणार का?’

तुम्हाला माहीत आहे सर, त्या काळात या प्रश्नाला एकच उत्तर असायचं. विधवेनं कानावर हात ठेवायचे आणि म्हणायचं, शिव शिव, आता पोरीसाठी जगणार. दारातला शिपाईसुद्धा हेच उत्तर धरून बसला असेल. शांतव्वानं एकदा तुमच्याकडं बघितलं. मग न्यायाधीशांकडं बघून कानडीत बोलली. सरळ बोलली. मी ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ती म्हणाली होती, ‘करीन नाहीतर नाही करणार. ते माझं मी बघीन. लग्न केलं म्हणून पोरगी परकी होते काय?’

मला वाटलं, अगं बाई, काय केलंस हे. एका वाक्यात सगळ्यावर पाणी. दीर बाहेर व्हरांड्यात होते, आत कोर्टात कानडी समजणारी मी एकटीच असेन, निदान मला तरी तसं वाटत होतं. ‘अजून काही ठरवलेलं नाही’ म्हटलं असतं तरी फार खोटं झालं नसतं. नुसतं ‘पोरगीच माझं सर्वस्व’ म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान खाली घातलीत. मुद्दाम घातलीत. खुणेनंसुद्धा काही सांगायचं नाही, असं ठरवूनच. आणि मी, काय झालं मला माहीत नाही, जसंच्या तसं सांगितलं. करीन नाहीतर नाही करणार. ते माझं मी बघीन.

समोरचे वकील खाली बसले ते मिशीत हसतच. न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग चष्मा काढून त्यांनी शांतव्वाकडं बघितलं आणि विचारलं, ‘मांजर आहे का घरात, भाकरी खायला?’ मी कानडीत सांगायच्या आधीच ती म्हणाली, ‘हाय की सायेब.’

निकाल आपल्या बाजूनं लागला. पोरगी आईकडं. सुवर्णाला कोर्टाच्या आवारात आणलं तेव्हा ती आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली, आईकडं येईना. मला रडू कोसळलं. शांतव्वा मात्र घाई न करता धुळीत खाली बसली आणि सासूशीच बोलायला लागली, तब्येत कशी हाय, म्हस व्याली काय, असं. बोलता बोलता पोरगी कधी तिच्या मांडीला टेकली, कोणाला कळलंही नाही.

तिथून परत येताना मी तुम्हाला पहिल्यांदा बोलले. कोर्टाच्या फाटकाशी, सायकल मध्ये धरून. ‘सर, हरलो असतो तर?’ तुम्ही म्हणालात, ‘तर ती तिचं बोलून हरली असती. आधी ती माझं बोलून हरत होती.’

‘व्वा!’ मी म्हटलं. ‘ऐकायला फार छान. पण पोरगी कोणाची? तुमची का? तुमच्या तत्त्वापायी तुम्ही दुसऱ्याची पोर पणाला लावलीत. चूक कबूल केलीत, तुमचं मन हलकं झालं. ती हरली असती तर रोज सकाळी उठून कोणाला रडायला लागलं असतं? अर्ज चुकला म्हणून भर कोर्टात सांगितलंत खरं, पण त्याआधी तिला विचारलं होतंत का?’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ‘चला, चहा घेऊ,’ म्हणालात.

माझा राग काही चहानं गेला नाही. मी वकील झाले, तुमच्याच हाताखाली काम केलं, पुढं स्वतःची खोली थाटली. दर थोड्या दिवसांनी हा विषय निघायचाच. मी काढायचे. त्या खटल्यानंतर तुम्ही केंद्राची पद्धतच बदललीत. पोरांनी लिहिलेला अर्ज ज्याचा त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा. जो शब्द ऐकून माणूस थबकेल, भुवया उंचावेल, तो लाल पेनानं छाटायचा. पोरं त्याला कापणी म्हणायची. चांगल्या चांगल्यांचे अर्ज कापणीत अर्धे व्हायचे. अबला, अभागी, हतबल, पामर, सगळं जायचं. नवा वर्ग आला की पहिल्या रविवारी तुम्ही उभे राहून सांगायचात, ‘मी एका बाईला निराधार लिहिलं आणि तिची पोरगी घालवत होतो.’ दरवर्षी. नव्या पोरांसमोर. मी दाराशी उभी राहून ऐकायचे. दरवर्षी छाती भरून यायची आणि दरवर्षी मनात यायचं, हे सगळं सांगतात, पण तिला विचारलं नव्हतं हे कधी सांगत नाहीत.

अलीकडं वरच्या कोर्टात एका साध्या पोस्टकार्डावरसुद्धा गरिबाची दाद घ्यायला लागले, तेव्हा मी पळत तुमच्याकडं आले होते. म्हटलं, सर, दिवस बदलले, आता कोणीही कोणासाठीही न्याय मागू शकतो. तुम्हाला आनंद झाला, नाही असं नाही. डोळे चमकले तुमचे. पण लगेच म्हणालात, ‘कोणासाठीही मागता येईल, हे बरोबर. म्हणून तर जास्त भीती. ज्याच्यासाठी मागायचं त्याला आता कोण विचारणार?’ मी तिथंच पकडलं तुम्हाला. ‘हे तुम्ही बोलताय? तुम्ही विचारलं होतंत का शांतव्वाला?’ तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत आणि म्हणालात, आज ऊन फार आहे. अहो, ऊन कसलं!

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही अंथरुणावर होतात. आवाज क्षीण झाला होता, पण डोकं तल्लख. मी तुमच्या उशाशी बसून पाय दाबायचं सोडून भांडतच होते. शरम वाटायला पाहिजे होती मला. म्हटलं, ‘सर, आता तरी कबूल करा. एवढं एकच तुमच्या हातून चुकलं. शब्दाची चूक कबूल केलीत, ही का नाही करत? तिला न विचारता तुम्ही ते केलंत.’ तुम्ही हसलात. थकलेलं हसू, पण त्यात मजा होती. माझ्या हातावर थोपटलंत. मी मनात म्हटलं, चला, वाद मी जिंकला.

परवा शांतव्वा आली माझ्या खोलीवर. केस पांढरे झालेत, बाकी तशीच ठणठणीत. तुम्ही गेल्याचं तिला उशिरा कळलं. आली आणि खुर्चीवर बसून रडली. मी तिला एवढं रडताना कधी बघितलं नव्हतं, कोर्टातही नाही. चहा दिला. मग मी मूर्खासारखं बोलून गेले. म्हटलं, ‘शांतव्वा, सर फार मोठे होते, पण तुझ्याबाबतीत त्यांनी एक चूक केली. तुला न विचारता ते कोर्टात बोलले.’

ती डोळे पुसायची थांबली. ‘कुनी सांगितलं तुला?’

‘कोणी कशाला सांगायला पाहिजे? मी होते की तिथं.’

‘तू व्हतीस कोर्टात,’ शांतव्वा म्हणाली. ‘आमच्या कारखान्याच्या दारात न्हवतीस. तारखेच्या आधी आलतं की सर. पाळी सुटायची वाट बघत उन्हात उभं व्हतं. मला म्हटलं, बाई, चूक माझी हाय, मी कोर्टात सांगायचं म्हनतोय. पर त्यानं अर्ज उडूबी शकतोय. पोरगी तुमची हाय. तुम्ही न्हाय म्हनला तर मी गप्प ऱ्हातो, दुसरी वाट काढतो. मी म्हटलं, सांगा. खोटं बोलून आनलेली पोरगी मला नगं. मग म्हटलं, अजून काय विचारतील ते? तर म्हटलं, लग्नाचं विचारतील.’

मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘आमच्या कारखान्यात माग नीट करनारा एक जॉबर व्हता. चांगला मानूस. त्यानं मला विचारलं व्हतं. मी काय ठरवलं न्हवतं. भणीलाबी म्हाईत न्हवतं. ते मी सरांला सांगितलं. म्हटलं, न्हाय करत म्हनून शपत घेऊन कसं बोलू? सर म्हटलं, तुम्हाला जे खरं वाटतं तेच बोला, बाकीचं माझ्याकडं. आनी मी म्हटलं, सर, हे कुनाला बोलू नगासा. तुम्ही आल्याचंबी सांगू नगासा, न्हायतर लोक विचारतील कशाला आलतं. सर म्हटलं, न्हाय बोलत.’

पुढं तो जॉबर भिवंडीला गेला. लग्न काही झालं नाही. शांतव्वा ते सहज सांगून गेली, चहाचा कप खाली ठेवता ठेवता.

सर, मी बसल्या जागी गार झाले. एवढी वर्षं! फाटकाशी, ऑफिसात, एसटीत, दवाखान्यात, तुमच्या उशाशी, मी तुम्हाला तेच तेच विचारत होते. तिला विचारलं होतंत का? आणि तुमच्याजवळ उत्तर होतं. ‘हो’ म्हणाला असतात तर माझं तोंड एका क्षणात बंद झालं असतं. ज्या माणसानं स्वतःची चूक दरवर्षी नव्या पोरांपुढं उघडी केली, त्यानं आपला चांगुलपणा एका माणसापुढंसुद्धा उघडा केला नाही. का, तर ‘हो’ म्हटलं की मी पुढचं विचारलं असतं. कधी गेला होतात, काय म्हणाली, कशाला लपवलंत. तुम्हाला मी चांगली माहीत होते. आणि ते सगळं तिचं होतं. मरायच्या आधी, माझ्या तोंडून शेवटचा दोष ऐकतानासुद्धा, तुम्ही हसलात आणि हात थोपटलात.

मला तुमचा राग येतोय, सर. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रोज सायकल ढकलत चालत होता आणि मी त्याला शहाणपण शिकवत होते, याचा राग येतोय. तुमच्यापुढं आता मान वर करायची सोय राहिली नाही. आणि तरी सांगते, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी भांडावंसं मला वाटत नाही.

शांतव्वा निघाली तेव्हा तिला म्हटलं, मला हे लिहायचंय. जॉबरचंसुद्धा. नाहीतर सरांचं कोणाला काही कळणार नाही. पण ती गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर एक ओळ लिहिणार नाही. ती उंबऱ्यात उभी राहून विचार करत राहिली, पायात चप्पल घालायचीही विसरली. मग म्हणाली, ‘आधी सुवर्णाला सांगतो. तिला म्हाईत न्हाय.’

मी थांबले. आज सकाळी तिचा निरोप आला, ‘पोरगी म्हनली, लिव्हू दे.’